गच्चीवरचा व्यायाम

गडहिंग्लज
४ ऑगस्ट २०२३

चि. पुंडलिक,
आशीर्वाद.

मागच्या रविवारी तू फोन केलास, बराच वेळ बोललास आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कानातल्या मशीनचा हा असा कारभार. बोलणारा माणूस सोडून शेजारच्या घरातली भांडी ऐकू येतात. मोबाईलवर लिहायला गेलं तर बोट एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. म्हणून आपलं पत्रच बरं. पोस्टमन अजून दारात येतो तोवर.

आपली मावसबहीण शालिनी इकडं लग्नाला आली होती. म्हणाली, "पुंडलिकदादा जिमला जायला लागलाय." मी तिला दोनदा विचारलं. मला वाटलं मशीनचा घोटाळा. अरे, लहानपणी तुला शाळेत पाठवायला मी ढकलत न्यायची. दुर्गदबैल बाजारातल्या तुझ्या दुकानातून घर ते किती लांब, तरी तुला रिक्षा लागते. आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी तू वजनं उचलणार? कुणी काही बोललं का तुला? की दुकानातल्या आरशात स्वतःला बघितलंस?

ते जाऊ दे. महत्त्वाचं वेगळं आहे. कोल्हापूरचं एक स्थळ आहे. मुलाचं नाव अक्षय, पंपाच्या कारखान्यात इंजिनिअर, घरची माणसं साधी. दीपश्रीचा फोटो पाहून त्याची आई खूश आहे. मी दीपश्रीला दोन पत्रं घातली, उत्तर नाही. बँकेत नोकरी लागली म्हणून आत्याला विसरली का? तिला विचार आणि मला कळव. वहिनी असती तर हे तिनं केलं असतं. ती नाही, म्हणून मला करायला पाहिजे.

तुझी,
चंद्रभागाअक्का

* * *

हुबळी
१२ ऑगस्ट २०२३

ती. अक्का,
नमस्कार.

शालिनीनं सांगितलं ते खरं आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, साखरेच्या काठावर आलाय. तेवढंच. काळजीचं काही नाही.

पण ट्रेनर मिळणं म्हणजे स्थळ मिळण्याहून अवघड आहे बघ. आधी विद्यानगरातल्या एका जिममध्ये गेलो. तिथला आकाश नावाचा पोरगा मला म्हणाला, "काका, तीन महिन्यांत सिक्स पॅक!" मी म्हटलं, बाबा, मला पोट कमी करायचंय, पोटावर नक्षी नको. त्यानं पावडरचा डबा काढून दाखवला. गाणी एवढी मोठ्यानं लावलेली की मला तुझी आठवण झाली, तू तिथं सुखानं राहिली असतीस. दुसरा ट्रेनर घरी यायचा. मला उठाबशा काढायला लावून स्वतः फोनवर बोलत बसायचा. तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

शेवटी दीपश्रीनंच एक शोधून काढली. मीनाक्षी म्हणून आहे, अळणावरकडच्या खेड्यातली. आधी कुस्ती खेळायची, नवरा तारिहाळला कारखान्यात आहे, दोघं इथंच राहतात. सकाळी सहाला आमच्या गच्चीवर येते. मला काळा चहा देते आणि स्वतः माझ्यासमोर साखरेचा पिते. "अण्णा, इन्नोंदु," म्हणते, म्हणजे अजून एकदा. तिचं 'अजून एकदा' कधी संपतच नाही.

स्थळाचं थोडं थांबव. दीपश्रीची बँकेतली परीक्षा आहे. ती झाली की बघू. पत्राचं उत्तर दिलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नकोस.

तुझा,
पुंडलिक

* * *

गडहिंग्लज
२४ ऑगस्ट २०२३

चि. पुंडलिक,
आशीर्वाद.

शालिनीचं पत्र आलं. तिच्या खिडकीतून तुमची गच्ची दिसते. तू सांगितलंस ते सगळं तिनंही लिहिलंय, फक्त तिनं लिहिलंय की ती बाई तिशीची आहे, हसायला लागली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं, आणि तू तिच्यासमोर हात वर करून उभा असतोस.

मी सरळ विचारते. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली. तुला दुसरं लग्न करायचं असेल तर मला सांग, मी काही आभाळ कोसळल्यासारखं करणार नाही. एकटा माणूस संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो, तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. हे गेल्यापासून मी तेच करते. पण नवरा असलेल्या बाईच्या नादी लागू नकोस, आणि आधी पोरीचं उरक. बाप वजन उतरवून नवरदेव व्हायला निघालाय आणि मुलगी परीक्षा देत बसलीय, हे काही मला पटलेलं नाही.

मी कोल्हापूरकरांना सांगून टाकलंय की गणपतीत मुलगी बघायला हुबळीला या. आता तू माघार घेऊ नकोस. माझा शब्द गेलाय.

अक्का

* * *

हुबळी
२ सप्टेंबर २०२३

ती. अक्का,

त्यांना येऊ देऊ नकोस. काहीही सांग, पण येऊ देऊ नकोस.

तुझं पत्र वाचून दीपश्री आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "अप्पा, आता आत्याला सांगा. नाहीतर ती खरंच तुमच्यासाठी बायको घेऊन येईल." तिनंच मला इतके दिवस शपथ घातली होती. आजार बाहेर कळला की माणसं दारात येऊन 'च् च्' करतात, ते तिला नको होतं.

मे महिन्यात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. आम्हाला वाटलं साधी कावीळ. औषधं झाली, पथ्य झालं, पोटात पाणी भरायला लागलं. बेंगळूरूला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हिचं शरीरच हिच्या लिव्हरवर उलटलंय. औषधानं काही महिने निघतील, पण वर्ष संपायच्या आत दुसऱ्याचं लिव्हर बसवायला लागेल. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा चालतो. घरातलं कोण आहे? मीच आहे, अक्का. माझं रक्त जुळतं.

मी तिथंच म्हटलं, आजच घ्या. त्यांनी माझी तपासणी केली. माझ्या लिव्हरवर चरबी आहे. असं लिव्हर कापलं तर माझ्या जिवाला धोका आणि तिलाही उपयोग नाही. वजन उतरवा, नुसतं उपाशी राहून नाही, व्यायाम करून, मग परत तपासू, म्हणाले. आयुष्यभर गादीवर बसून चादरी विकल्या, येताजाता चुरमुऱ्याचं गिरमिट आणि भजी खाल्ली. माझ्या पोरीच्या आणि औषधाच्या मध्ये माझं पोट आलंय.

आकाश आणि तो दुसरा, दोघांनीही मला कधी विचारलं नाही की कशासाठी. मीनाक्षीनं पहिल्याच दिवशी विचारलं. ती पुरुषांना शिकवत नाही, नाहीच म्हणत होती. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "उद्यापासून येते. पण अण्णा, व्यायाम करताना रडायचं नाही. रडलं की दम पुरत नाही." तिच्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी तिला कधी सांगणार नाही.

पुंडलिक

* * *

गडहिंग्लज
९ सप्टेंबर २०२३

पुंडलिक,

पत्र वाचून झाल्यावर मी भाकऱ्या करायला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. सगळ्या करपल्या.

कोल्हापूरला कळवलं, मुलीला इतक्यात करायचं नाही. ते नाराज झाले. होऊ देत.

दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरकडं गेले. म्हटलं, भावाचं चालत नसेल तर आत्याचं घ्या, मी तर बारीकच आहे. मला ऐकू येत नाही म्हणून त्यानं कागदावर लिहून दिलं, 'वय जास्त. साखर.' मी त्याला म्हटलं, अजून एकदा बघा. त्यानं तोच कागद परत माझ्यापुढं सरकवला.

मी तुला नवरदेव म्हणाले. ते पत्र फाडून टाक.

मी येऊ का? स्वयंपाक करीन, तिच्याजवळ बसेन. तू तेल-तूप सोडलंस तरी भाजीला चव आणता येते, ती मला येते. त्या मीनाक्षीला माझा आशीर्वाद सांग. आणि पोरीला सांग, आत्या रागावलेली नाही. तिनं मला पत्र लिहावं, खरं लिहावं.

अक्का

* * *

हुबळी
१७ ऑक्टोबर २०२३

ती. अक्का,
नमस्कार.

तू आत्ता येऊ नकोस. डॉक्टरांनी येणंजाणं कमी ठेवायला सांगितलंय, तिला कसलाही संसर्ग व्हायला नको. ऑपरेशन झालं की तुलाच यायचंय, मग आम्ही दोघंही अंथरुणात असू.

आज चांगलं लिहायला बसलोय. माझे सगळे शर्ट ढगळे झालेत. शेजारच्या दुकानातले जयतीर्थ म्हणाले, "पुंडलिकराव, मागून ओळखलंच नाही." मी आता दुकानापासून घरापर्यंत चालत येतो. रविवारी मीनाक्षी मला नृपतुंग टेकडीवर नेते. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्यावर बसलो होतो आणि खाली उतरणारी म्हातारी माणसं माझी चौकशी करत होती. परवा वर पोचलो. वरून सगळी हुबळी दिसत होती आणि मी नुसता हसत होतो.

सकाळी दीपश्री गच्चीवर खुर्ची टाकून बसते. अंगावर शाल, पायाला सूज, तरी वेळेवर हजर. मी उठाबशा काढतो, ती मोजते. मधेच मुद्दाम चुकते, आठानंतर परत सहा म्हणते. मी ओरडतो, मीनाक्षी हसते. अक्का, खरं सांगू? तिची आई गेल्यानंतर आम्ही दोघं एका घरात राहत होतो, पण एकमेकांना भेटत नव्हतो. मी दुकानात, ती बँकेत. आता रोज सकाळी ती मला सगळं सांगते. बँकेतल्या वैशालीचं लग्न, लहानपणी मी तिला ओरडलो होतो त्या सगळ्या वेळा. मला वाटतं, ही सकाळ लांबावी. असं वाटून घ्यायची लाज वाटते, पण वाटतं.

दिवाळीनंतर माझी तपासणी आहे.

पुंडलिक

* * *

हुबळी
२२ नोव्हेंबर २०२३, बुधवार

प्रिय आत्या,

आधीच्या पत्रांची उत्तरं दिली नाहीत, त्याबद्दल कान धरते. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

अप्पा पास झाले! डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितले आणि म्हणाले, हे त्याच माणसाचे आहेत ना? सोमवारी ऑपरेशन. शनिवारी आम्ही बेंगळूरूला निघतोय. तू बघितलंस तर ओळखणार नाहीस त्यांना. काल जेवताना मीनाक्षीअक्कानं त्यांना अर्धा धारवाडी पेढा खायची परवानगी दिली. एवढा मोठा माणूस तो अर्धा पेढा चाटून चाटून खात होता. मला हसूही आलं आणि आत जाऊन रडूनही आले.

आत्या, माझ्यासाठी आजवर कुणी एवढं काही सोडलं नव्हतं. मी बरी झाले की पहिल्यांदा त्यांना गिरमिट खायला घालणार आहे. मग तुझ्याकडं येणार. तुझ्या त्या कोल्हापूरच्या इंजिनिअरला थांबायला सांग, किंवा नको, दुसरा बघ, गाणारा वगैरे.

माझी काळजी करू नकोस. मी अगदी छान आहे. गच्चीवर थंडी वाजते म्हणून आज आत बसून लिहितेय, एवढंच.

तुझी,
दीपश्री

* * *

हुबळी
२१ डिसेंबर २०२३

ती. अक्का,

तेराव्यापर्यंत तू इथं होतीस, पण तुला काही सांगितलं नाही. तुझ्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं आणि घर माणसांनी भरलेलं होतं. आता लिहितो. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

त्या शुक्रवारी सकाळी मी गच्चीवर गेलो तर दीपश्रीची खुर्ची रिकामी. खाली आलो. ती पांघरुणात कुडकुडत होती, हात लावला तर चटका बसला. मी तिला उचललं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले तिला हातांवर घेऊन उतरलो, मीनाक्षी पुढं रिक्षा थांबवायला धावली. खाली पोचल्यावर दीपश्री डोळे उघडून म्हणाली, "अप्पा, तुम्हाला धाप लागली नाही." तिला त्याचा आनंद झाला होता, अक्का. तशा तापात.

हुबळीच्या डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "बुधवारपासून." तुला पत्र लिहिलं, त्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाले, सांगितलं का नाही? ती म्हणाली, "ऑपरेशन पुढं गेलं असतं. अप्पांना परत उपाशी राहावं लागलं असतं."

गोळ्या घेऊन ताप दाबत होती. आम्हाला हसून दाखवत होती. मी तिच्यासमोर उठाबशा काढत होतो आणि मला दिसलं नाही.

बेंगळूरूला पोचेपर्यंत संसर्ग रक्तात गेला होता. तो उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही, म्हणाले. वरच्या मजल्यावर माझी खाट तयार होती. मी रोज विचारायचो, आज? ते मान हलवायचे. मी म्हटलं, संसर्ग असू दे, माझं घ्या, वाया गेलं तर जाऊ दे. एक तरुण डॉक्टर माझा हात धरून बसला. आठव्या दिवशी ती गेली. शुद्धीत नव्हती. मी बोलत होतो, तिला ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

आता पुढचं लिहायची लाज वाटते. भेटायला येणारी माणसं माझ्याकडं बघतात, डोळे पुसतात आणि जाताना म्हणतात, "तब्येत मात्र छान केलीत हं." जयतीर्थही म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले. बारीक झालेल्या माणसाला जे म्हणतात ते म्हणाले. दहा वर्षांनी तरुण दिसता, असं माझी मुलगी गेल्यावर लोक मला सांगतात.

आरशातला हा माणूस मी तिच्यासाठी केला होता. मला तो नको. मला माझं पोट परत पाहिजे. परवा दुकान बंद करून गाड्यावर उभा राहिलो आणि मिरची भजी खाल्ली, गिरमिट खाल्लं, पेढे घेतले, सगळं उभ्यानं. घरी येऊन ओकलो. काल परत गेलो.

मीनाक्षी अजून सकाळी सहाला येते. दार वाजवते, थोडा वेळ जिन्यावर बसते आणि जाते. मी दार उघडत नाही.

पुंडलिक

* * *

गडहिंग्लज
२८ डिसेंबर २०२३

पुंडलिक,

मी त्या पोरीवर रागावले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. तिला म्हटलं होतं खरं लिही, आणि तिनं मला छान आहे म्हणून लिहिलं. मी ते पत्र उराशी धरून शेजारणीला वाचून दाखवलं, पेढे वाटले. त्याच वेळी ती तापानं फणफणत होती. तूही मनातून तिच्यावर रागावला असशील आणि त्याची लाज वाटून गाड्यावर जाऊन भजी खात असशील. एकट्यानं रागावू नकोस. मलाही बरोबर घे.

तू मला सांगितलं नाहीस, तिनं तुला सांगितलं नाही. आता मला न सांगता काही करायचं नाही.

तुला दिसलं नाही, असं तू लिहितोस. तिनं दिसू दिलं नाही. ती तुझीच मुलगी. तूही पावसाळाभर मला काही दिसू दिलं नव्हतंस.

तुला जाड व्हायचंय ना? हो. मी अडवणार नाही. पण गाड्यावर उभं राहून, परक्या माणसांत, ओकेपर्यंत खाऊन होऊ नकोस. जाड व्हायचं असेल तर माझ्या हातचं खाऊन हो. इथं ये. मी रोज दोन वेळा ताजं करीन. तुला आवडतं ते वांगं, थालीपीठ, लोणी. इथं अलीकडं तुला जाड असताना कुणी बघितलेलं नाही, त्यामुळं तब्येतीचं कुणी बोलणार नाही. बोललं तर मी आहे. मला ऐकू येत नाही, पण मला बोलता येतं.

आणि त्या मीनाक्षीला दार उघड. बिचारीचंही कुणीतरी गेलंय.

अक्का

* * *

हुबळी
४ जानेवारी २०२४

ती. अक्का,
नमस्कार.

काल मीनाक्षीला दार उघडलं. ती आत आली आणि जमिनीवर बसली. मग तिला रडू फुटलं. एवढी दणकट बाई, पण लहान मुलासारखी हुंदके देत होती. मी चहा केला. दोघांनी साखरेचा घेतला. ती म्हणाली, "अण्णा, मी आता येऊ नको का?" मी म्हटलं, पंधरा दिवस गावाला चाललोय, बहिणीकडं. "आणि नंतर?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, अक्का. ती म्हणाली, असू दे, आल्यावर फोन करा. जाताना माझ्या पाया पडली आणि दीपश्रीच्या खोलीच्या उंबऱ्यालाही हात लावून गेली.

दीपश्रीवर मीही रागावलोय, हे तू लिहिलंस ते बरं झालं. मला ते स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नव्हतं. रात्रंदिवस तिला एकच विचारतो, का गं? महिनाभर अजून उपाशी राहिलो असतो. वर्षभर राहिलो असतो.

शनिवारच्या बसनं निघतो. दुपारच्या जेवणाला पोचेन. वांगं कर, थालीपीठ कर, काय करायचं ते कर. मी सगळं खाईन. फक्त मी पानावर बसलो की 'अजून वाढू का' असं विचारू नकोस. हल्ली कुणी विचारलं की मला रडू येतं आणि घास खाली उतरत नाही. न विचारता वाढ.

तुझा,
पुंडलिक